किल्लीबरोबर सुकेळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी चोरून खाल्लेला पेढासुद्धा लपवू शकत नाही.

विरार स्टेशनजवळचं आमचं हॉटेल तुम्ही पाहिलं असेल. आमचं म्हणजे मालकी नव्हे हो. आई तिथे स्वयंपाकघरात होती, पुढे मी काउंटरवर बसलो आणि तिथेच म्हातारा झालो. काय रुबाब होता त्याचा! सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि खोलीच्या किल्लीबरोबर प्रत्येक पाहुण्याच्या हातावर एक सुकेळं — राजेळी केळं उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या सोपटात बांधलेलं. अर्नाळ्याची हवा खायला आलेले मुंबईकर त्याच्यासाठी मुक्काम वाढवत. मग दिवस फिरले. जिन्याला हिरवा ऑइलपेंट लागला, खाली मोबाइलची दुकानं आली, सुकेळी बंद पडली.

मालकांची नात गौरी हिने मध्यंतरी ते सगळं खरवडायला काढलं. पेंटखालून सागवान निघालं तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? जिन्यापाशी तिला जुन्या माणसांचे फोटो लावायचे होते. तिने विचारलं, "काका, सुकेळी कोण करायचं हो?"

मी म्हणालो, "माझी आई."

आई तर जन्मभर कांदे चिरत होती — आणि कांदे चिरणारीचा फोटो कोण लावतं? सुकेळी करायची हिरू मावशी, बोळिंजची आमची शेजारीण. आई फक्त टोपली पोचवायची. आई कधीच गेली. मावशी आहे, चांगली ठणठणीत.

आईचा तिथला एकच फोटो होता, कुणा पाहुण्याने काढलेला. हातात सुकेळं, डोळे मिटलेले. गौरीने तो लावला, खाली पितळी पाटी ठोकली: 'सुकेळीवाल्या लक्ष्मीबाई'. लोकांना वाटतं, बाई देवाचं नाव घेतेय.

उद्घाटनाला मी मावशीला टाळलं. पण मग एका दुपारी तिनेच हट्ट धरला. फोटोसमोर उभी राहिली आणि हसायला लागली. "बग, माजी सुकेली खाताना कशी डोले मिटायची ही!" मग म्हणाली, "खाली काय लिवलंय रे?"

मावशीला वाचता येत नाही.

मी — मी वाचलं, "सुकेळी, हिरूबाईंच्या हातची."

तिने पदराने पाटी पुसली. सावकाश, कोपऱ्यांसकट. म्हणाली, "तुज्या आयशीनं तवाच सांगून ठेवलं असल. तिचा लय जीव माज्यावर."

पाटी अजून तीच आहे. गौरीकडे मी अजून तोंड उघडलेलं नाही. मावशी आळीभर सांगत फिरते. काल म्हणाली, रविवारी नातीला दाखवायला नेते. नात चौथीत आहे, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची तिला सवय आहे.

मी म्हणालो, "ने की, मावशी."