पहिली ओळ, जशीच्या तशी

टंकलेखकाच्या घरात बोलणारे तिघे होते: बायको, रेडिओ आणि यंत्र. त्यातलं यंत्र, म्हणजे त्याचा संगणक, सगळ्यांत जास्त बोले आणि त्याच्या बोलण्याचा कुणाला राग येत नसे, कारण टंकलेखकाशिवाय ते कुणाला कळतच नसे.

नऊ वर्षांचा असताना तापात त्याची दृष्टी गेली. या विषयावर तो दोन वाक्यांपलीकडे जात नसे. उरलेली वाक्यं लोक आपणहून बोलत. एका रुग्णालयातले डॉक्टर तपासणीचे अहवाल तोंडी रेकॉर्ड करून पाठवत आणि हा घरी बसून ते टाइप करी. टाइप केलेलं यंत्र त्याला वाचून दाखवी, तेही अशा वेगाने की वरच्या मजल्यावरच्यांना बरीच वर्षं वाटत होतं, खाली सारखा मिक्सर चालू असतो.

यंत्रावरची प्रणाली मुक्त होती. म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याही मालकीची नसलेली आणि म्हणूनच बिघडली तर कुणाच्या नावाने ओरडायचं ते न कळणारी. ज्यांचं बिघडे ते एका मदतगटात लिहीत आणि टंकलेखक अकरा वर्षं तिथे लोकांना उत्तरं देत होता. कुणी दहा ओळींचं रडगाणं लिहो की दोन पानांचं, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: ‘पहिली चूक पाठवा. जशीच्या तशी.’ त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅमची बांधणी, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं, फसली की यंत्र चारशे चुकांचा पाढा वाचतं, पण त्यातली खरी एकच, पहिली. बाकीच्या तिच्या मागून रडत येतात. आणि ती पहिलीसुद्धा आपल्या शब्दांत सांगायची नाही, सुधारून तर मुळीच नाही. गटातले लोक मागे त्याला ‘जसंच्यातसं’ म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आवडत होतं.

बायको परिचारिका होती. शस्त्रक्रियागृहाच्या कामाचं, दुसऱ्या गावी होणारं दहा दिवसांचं प्रशिक्षण तिला दोनदा चालून आलं होतं आणि दोनदा तिने सोडलं होतं. पहिल्यांदा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्यांदा त्याच्या आवाजाच्या पेटीने दगा दिला. ही पेटी म्हणजे यंत्राला बाहेरून जोडलेला एक जुना डबा. ती बनवणाऱ्यांनी ती केव्हाच बंद केली होती, त्यामुळे यंत्र आणि पेटी यांच्यामधला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, प्रणालीच्या दर नव्या आवृत्तीबरोबर त्याला हाताने नव्याने बांधावा लागे. बांधणी फसली की यंत्र मुकं, आणि यंत्र मुकं झालं की बांधणी का फसली हे सांगणारं कुणी नाही. बहिऱ्याने टेलिफोन दुरुस्त करावा तसला प्रकार. अशा वेळी बायको पडद्यासमोर बसून ओळी वाचून दाखवी. ती उत्तम वाची. चुका तर विशेष आवडीने वाची.

तिसऱ्यांदा प्रशिक्षण आलं तेव्हा अर्ज त्यानेच टाइप केला आणि तिला सही करायला लावली. आता जे काय व्हायचं ते होऊ दे, तू मधेच उठून यायचं नाहीस, असं त्याने तिला बजावलं. ती कबूल झाली, पण एका अटीवर: तिची आई दहा दिवस घरी येऊन राहील. त्याने खूप आढेवेढे घेतले. शेवटी रविवारी सकाळी बायको गेली आणि सासूबाई आल्या.

सासूबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. लाल पेन अजून पर्समध्ये असे. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला शब्द दिसला तर दुकानदाराला सांगितल्याशिवाय त्या पुढे जात नसत. मुलीच्या घरी आल्या की मुलीचा चहा पातळ, पडदे आखूड, केस कसे, चालणं कसं. जावयाच्या बाबतीत मात्र चकार शब्द नाही. त्याला ‘जावईबापू’ म्हणत, चांगली खुर्ची देत, तो बोलत असला की मधे बोलत नसत. अकरा वर्षांत त्यांनी त्याची एकही चूक काढली नव्हती. आपण त्यांना पसंत आहोत, असा त्याने याचा अर्थ लावला होता.

सोमवारी सकाळी त्याने प्रणाली अद्ययावत केली. नव्या आवृत्तीसाठी बांधणीच्या फाइलमध्ये एक वाट, म्हणजे फोल्डरचा पत्ता, बदलावी लागत होती, ती बदलली, यंत्राकडून वाचून घेतली, ठीक वाटली. मग स्वच्छतेच्या भरात जुनी आवृत्ती पुसून टाकली. जुनी आवृत्ती लगेच पुसू नका, असं त्याने मदतगटात निदान दोनशे लोकांना लिहिलं असेल. यंत्र बंद करून चालू केलं. पंखा फिरला, हार्ड डिस्कची चकती कुरकुरली आणि पुढे काही नाही.

मग त्याने सासूबाईंना हाक मारली.

त्याच्या खिशातला फोन बोलत असे, आणि त्याने तो आधी पडद्यासमोर धरूनही पाहिला होता. पण काळ्या पडद्यावरची ती बारीक अक्षरं बघून फोन ‘प्रकाश अपुरा आहे’ एवढंच म्हणाला. नवी पेटी मागवायची तर दहा-बारा दिवस. तेव्हा सासूबाई चष्मा पुसून खुर्चीत बसल्या, त्याने कळफलक मांडीवर घेतला आणि काम सुरू झालं. टाइप त्याने करायचं, वाचायचं त्यांनी. त्याने बांधणी पुन्हा चालवली आणि एवढंच सांगितलं, की पहिली चूक वाचा, जशीच्या तशी. सासूबाईंनी शुद्धलेखन घालावं तशा स्वरात सावकाश वाचलं. मथितार्थ असा, की अमुक वाटेवर ‘बिल्ड’ नावाचं फोल्डर सापडत नाही.

त्याने त्या वाटेवर काय काय आहे याची यादी मागवली. सासूबाईंनी यादी वाचली. तीत ‘बिल्ड’ होतं. निळ्या अक्षरांत आहे, असंही त्या म्हणाल्या.

त्याने बांधणीची फाइल उघडली. त्यांनी ती वाचली. तिथेही ‘बिल्ड’च. अक्षरं सुटी करून वाचायला सांगितली. बी, यू, आय, एल, डी. काही खोट नाही.

म्हणजे वस्तू समोर आहे, नाव बरोबर आहे आणि यंत्र म्हणतं नाही. इथून पुढचे तीन दिवस टंकलेखकाने जे केलं ते सांगण्यात अर्थ नाही, पण त्याने ते केलं. परवानग्या तपासल्या. प्रणालीचा अर्धा भाग पुन्हा बसवला. चकतीच खराब झाली असावी असं धरून बुधवारचा अख्खा दिवस चकतीची तपासणी लावली. चकती ठणठणीत निघाली. सासूबाई प्रत्येक वेळी पहिली चूक वाचत आणि प्रत्येक वेळी ती तीच असे. मधेमधे त्या म्हणत, की अहो, तुम्ही इतकं नीट लिहिलंय, त्यालाच कळत नसेल. बुधवारी संध्याकाळी त्याने हार मानून फोनवरून मदतगटात लिहिलं. रात्रीच्या आत पहिलं उत्तर आलं: ‘पहिली चूक पाठवा. जशीच्या तशी.’ त्याने कपाळाला हात लावला आणि सासूबाईंनी वाचलेली ओळ आणि त्यांनी वाचली तशी फाइल फोनवर लिहून पाठवून दिली. गटातल्या जाणकारांनी ती पाहिली, फाइलही पाहिली आणि सगळ्यांचं एकमत झालं, की यात चूक काहीच नाही.

इकडे डॉक्टरांचे अहवाल साठत होते. रुग्णालयाच्या दप्तरातली बाई गुरुवारी म्हणाली, शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबते. त्यापुढे रोगी थांबायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी अकराला बायकोची चहाची सुट्टी होई. आता तिला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याने दाढी करतानाच ठरवलं होतं. आपणच अर्ज टाइप केला, आपणच तिला बजावलं आणि आपणच तिला तिसऱ्यांदा माघारी आणायचं, याची त्याला इतकी लाज वाटत होती की नंबर लावताना बोट दोनदा चुकलं. बायको फोनवर खुशीत होती. आज पहिल्यांदा तिने संपूर्ण शस्त्रक्रियेची हत्यारं एकटीने मांडून दिली होती आणि मोठ्या बाईंनी नुसती मान हलवली होती, जी म्हणे त्या कुणासाठी हलवत नाहीत. तिचं बोलणं थांबायची वाट बघत तो उभा राहिला. ‘परत येशील का’ हे तीन शब्द त्याने तोंडात तयार ठेवले होते.

“बरं, ते जाऊ दे,” बायको म्हणाली, “आईने किती चुका काढल्या तुझ्या?”

“एकही नाही.”

ती हसली. “म्हणजे तू अजून पाहुणाच. आई पाहुण्यांच्या चुका काढत नाही. पाहुण्याने चहाला ‘च्या’ म्हटलं ना, तरी तिला ‘चहा’च ऐकू येतो. घरच्यांना मात्र सोडत नाही.”

तोंडातले तीन शब्द त्याने गिळले. इकडे सगळं ठीक आहे, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

सासूबाई स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. तो दारात जाऊन उभा राहिला.

“आई, त्या ओळीत काही चुकलेलं आहे का? स्पेलिंग वगैरे?”

फडक्याचा आवाज थांबला.

“आहे एक,” त्या म्हणाल्या. “पण अगदी बारीक. यू आणि आयची अदलाबदल झालीये. बी, आय, यू. अर्थ कळत होता, म्हणून मी नीट करून वाचत गेले.”

“सोमवारपासून?”

“सोमवारपासून.”

सोमवारी त्याने ती वाट यंत्राकडून वाचून घेतली होती. यंत्राच्या त्या वेगात दोन्ही बिल्ड सारखीच ऐकू येतात. यंत्राचं एक वेळ समजण्यासारखं होतं.

“मला वाटलं, यंत्रालाही कळत असेल,” सासूबाई म्हणाल्या. “माणसाला कळतं की.”

मग त्या पुढे बोलल्या, आणि आता त्यांचा शाळेतला स्वर गेला होता. “आणि खरं सांगू, जावईबापू, मला ते सांगवेना. तुम्ही जावई, त्यातून तुम्हाला दिसत नाही. दिसत नाही त्या माणसाला काय सांगायचं, की तुमची अक्षरं उलटी पडलीत म्हणून?”

टंकलेखकाला राग आला. बऱ्याच वर्षांत आला नव्हता इतका आला. शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये, लग्नाच्या वेळी, लोक जन्मभर त्याच्याशी असेच चांगले वागत आले होते आणि प्रत्येक वेळी कुठे काय चुकलं हे त्याला एकट्याला शोधत बसावं लागलं होतं. पण मोठ्याने बोलायची त्याला सवय नव्हती.

“दिसत नाही म्हणून तर सांगायचं ना, आई,” तो म्हणाला.

सासूबाईंनी फडकं खुंटीला अडकवलं, हात धुतले, पुसले, बाहेरच्या खोलीत जाऊन पडद्यासमोर बसल्या आणि चष्मा लावला. तो आला तेव्हा त्यांनी त्याला आधी यू, मग आय असं स्पष्ट सांगितलं आणि तो टाइप करेपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही. बांधणीला चार मिनिटं लागली. मग पेटीत खरखर झाली आणि यंत्र वेगाने म्हणालं, की शुक्रवार आहे आणि अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली आहेत. टंकलेखकाचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुपारभर तो अहवाल टाइप करत बसला आणि संध्याकाळच्या आत सगळे पाठवून मोकळा झाला. मधे एकदा सासूबाई दारात येऊन गेल्या आणि खिडकीतल्या ज्या कुंडीला तो रोज पाणी घालतो तिच्यातलं झाड मंगळवारीच वाळलं असल्याचं सांगून गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, तो रेडिओला दाद देतो तेव्हा त्याची मान फार हलते. त्यानंतर दाढीचा एक पट्टा राहिल्याचं निघालं. टंकलेखक प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाला. त्याला इतकं बरं वाटत होतं की काम करताना तो मधेच दोनदा थांबला.

मदतगटातले लोक अजून डोकं फोडत होते. त्यांना कळवणं भाग होतं. त्याने लिहायला घेतलं: ‘पहिली ओळ मी जशीच्या तशी पाठवली नव्हती. चुक माझी होती.’

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“अरे, चूक,” त्या म्हणाल्या. “चू दीर्घ. बत्तीस वर्षं मी हेच करत होते. पूस ते आणि नीट लिही.”

त्याने ऱ्हस्व पुसला आणि दीर्घ लिहिला. यंत्राने दोन्ही वेळा वाचून दाखवलं, दोन्ही वेळा सारखंच.

“आता बरोबर,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तो शर्ट बदल. सकाळपासून उलटा घालून बसलायस.”