काचेतलं गोणपाट

नव्या जालन्यातल्या एका सभागृहात ‘सीमारेषा विरघळताना’ नावाचं कलाप्रदर्शन लागलं होतं. कविता कुठं संपते आणि विज्ञान कुठं सुरू होतं, ते त्यात शोधायचं होतं. शोधायला माणसं पुण्याहून आली होती. मी त्यांची पत्रकं लिहिणारी, त्यात इकडच्याच खेड्यातली, म्हणून मला गावाकडचं काहीतरी ‘अस्सल’ आणायला सांगितलं. मी मूर्ख, गेले कुंभार पिंपळगावला आत्याकडं.

आत्या पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण बघत होती. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वर दुसरं गोणपाट, मग गुंडाळी. मोजताना चुकू नये म्हणून प्रत्येक ओळीला तिची एक ओवी ठरलेली. सहाव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर घरचंच बी पेरायचं, नाहीतर विकतच्या पिशव्या.

मी ती गुंडाळीच प्रदर्शनासाठी मागितली. “ने, पण पाणी मारत जा म्हणावं त्यांना. मोजायला मीच येनार,” आत्या म्हणाली. मी शब्द दिला.

प्रदर्शन मांडणाऱ्या चित्रकार बाईंनी गुंडाळी काचेच्या पेटीत ठेवली, वर भलामोठा दिवा सोडला. स्पीकरवर मी मोबाइलवर टिपून आणलेल्या आत्याच्या ओव्या, खाली पाटी: ‘अंकुरणारी शांतता’. पाणी? पाण्यानं काचेवर वाफ धरते, फोटो खराब येतात!

सहाव्या दिवशी आत्या आली. पेटी उघडली, मांडी घातली, ओव्या म्हणत मोजायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक प्राध्यापक म्हणाले, “किती सहज सादरीकरण!”

“गप बसा हो, गिनती चुकून राह्यली!”

निघाले एकवीस.

“मावशी, हा आकडाच एक कविता आहे,” चित्रकार बाई गहिवरल्या.

“मंग तुमच्या वावरात पेरा ही कविता! दिव्यानं शिजवलं तुम्ही. आता बी खराब का तुमचा दिवा, कसं कळावं मला?”

मी तिथंच निषेधाचं पत्रक लिहायला कागद काढला. आत्या म्हणाली, “ते मंग लिही. चल घरी, पाणी मारायला.”

नवी गुंडाळी केली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, आत्याचं वावर सोडून सगळं शिवार पेरून झालं. शेजारीण विचारून गेली, “काय वं, औंदा गानीच म्हनती का?” आत्या थांबली. मीही थांबले, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत.

सहाव्या दिवशी शहात्तर.

आत्यानं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. “ये जल्दी. घरचंच हाय.”