गुरुदासची नसलेली मूठ

गणेशगुडीला काळी नदीत राफ्ट वल्हवावी ती गुरुदास वेळीपने. दोन वर्षांपूर्वी मळणीयंत्रात त्याचा उजवा हात गेला, कोपराखाली वीतभर थोटूक उरलं. तेव्हापासून तो आमच्या लॉजवर लाइफजॅकेटं वाळत घालतो, तेही नदीकडे पाठ करून. मी तिथला मॅनेजर. रोज बघतो आणि चडफडतो.

गेल्या हिवाळ्यात बेळगावहून इंजिनिअरिंगची पोरं आली. त्यांनी थोटकावर एक पट्टा बांधला आणि लॅपटॉपवर गेम लावला. पडद्यावर नदी, खडक, एक नाव. "नसलेली मूठ आवळा," म्हणाली. आतला स्नायू हलला की पट्ट्याला कळतं आणि नाव वळते. पहिल्या दोन नावा फुटल्या. तिसरी त्याने अशी काढली की पोरं ओरडायला लागली.

"अण्णा, माझी मूठ हाय की अजून!" गुरुदास मला म्हणाला आणि हसला. हात गेल्यापासून पहिल्यांदाच.

पोरांकडे अशाच पट्ट्याने हलणारा, विजेवर चालणारा एकच कृत्रिम हात होता आणि माणसं दोन, हा आणि रामनगरची एक बाई. महिन्याने याच गेमवर चाचणी, जिंकेल त्याला हात.

गुरुदास जेवताखाताना नसलेली मूठ आवळू लागला. इतकी, की थोटूक ठणकायला लागलं. त्याची आई बायजा माझ्याकडे आली. "अण्णा, त्यो पट्टा नेमका कुठं बसतोय?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पट्ट्याच्या दोन चकत्या कातडीला टेकतात त्या दोन्ही जागा मी बोटाने दाखवल्या.

आमच्याकडे दुखऱ्या जागेला डाग देतात. कंबर धरली, डाग. पोट फुगलं, डाग. बायजाच्या हाताला गुण आहे असं अख्खा गाव म्हणतो. तिने कोयत्याचं टोक चुलीत लाल केलं आणि मी दाखवलं तिथेच टेकवलं. गुरुदासने आपणहून हात पुढे धरला होता.

चाचणीला पट्टा खपल्यांवर बसला. नाव सरळ खडकावर गेली. पुन्हा गेली. त्याच्या कपाळाच्या शिरा फुगल्या, खपली फुटून लस वाहिली, तेव्हा पोरांनी पट्टा काढला. भाजलेल्या कातडीतून पट्ट्याला काही कळत नाही, म्हणाली. हात रामनगरला गेला. पोरांचा मला भयंकर राग आला. पण जागा दाखवणारं बोट माझंच होतं.

बायजा फाटकाशी उभी होती. "मिळाला न्हवं रं?"

"मिळत हुता. मीच न्हको म्हटलं," गुरुदास म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, "डागाचं तिला सांगू नगा अण्णा. जीव दील ती."

तेव्हापासून बायजा भेटेल त्याला सांगते, "देव देतो अन् कर्म नेतं." परवा लॉजवर येऊन माझ्यादेखत त्याला बोलली, "करंट्या, मी दिलेल्या डागाची तरी लाज धरायची हुतीस!"

गुरुदासने पुढचं जॅकेट दोरीवर टाकलं. मी त्याच्या हातात आणखी एक दिलं.