अमेरिका कोणत्या वार्डात येते?

सलूनमधले किस्से केसांसारखे असतात. सकाळी झाडून काढले तरी दुपारपर्यंत खुर्चीखाली पुन्हा ढीग! फरक एवढाच, की केस मी पोत्यात भरतो आणि किस्से डोक्यातच राहून जातात. माझं बोलणं फार कमी. नववीत शाळा सुटली तेव्हापासून हातात कैची आहे. गिऱ्हाईक बोलतं, मी मान हलवतो. पण आता डोक्यात जागा उरली नाही, म्हणून थोडे इथे सांडतो.

पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. दोन खुर्च्या, कारागीर मी एकटा. दुकान माझं, पण भिंती वामनराव काकांच्या. काकांचा तिगावला संत्र्याचा बगीचा आहे, इथे हा गाळा आहे, आणि बाकी सगळ्या जगाची काळजी आहे. रोज सकाळी दाढीला येतात. त्यांचे शाळेपासूनचे दोस्त मेश्राम साहेब रेल्वेतून रिटायर झाले. ते दाढी घरीच करतात, पण पेपर माझ्या दुकानात वाचतात. काका उजव्या खुर्चीवर, साहेब डाव्या खुर्चीवर. मतंही तशीच!

*

मागच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकांची जुंपली. एकाने ब्रशचा डबा फेकला, आरसा फुटला. काका आले, काचा पाहिल्या आणि म्हणाले, “आरसा गेला तं गेला. पण आता ऐक. ह्या दुकानात पुन्हा भांडण झालं तं दुकान खाली करा लागते. भांडण करणारा कोणीबी असो. नियम म्हणजे नियम!”

माझं आणि आईचं पोट या दोन खुर्च्यांवर आहे. स्टेशनच्या रस्त्यावर दुसरा गाळा मला कोण देणार? मी त्याच दिवशी नवा आरसा लावला आणि पेंटरकडून बोर्ड लिहून घेतला: ‘येथे राजकारणावर बोलू नये.’

दुसऱ्या दिवशी काका खुर्चीवर बसले, मी फेस लावला, आणि काका म्हणाले, “अमेरिकेच्या अध्यक्षानं काल कमाल केली बाप्पा!”

साहेबांनी पेपर खाली केला. “वामन, बोर्ड वाचला का?”

“वाचला ना.”

“मग?”

“मग काय? अमेरिका कोणत्या वार्डात येते?”

तेव्हापासून माझ्या दुकानात फक्त अमेरिकेचं राजकारण चालतं.

*

लोक हुशार. त्यांना वाट सापडली.

दुकानासमोरची नाली कितीतरी दिवस तुंबलेली होती. एक दिवस आमच्या वार्डाचे नगरसेवक कटिंगला आले. मी कापड गुंडाळलं. बाकावर सात-आठ जण. सगळे गप्प, कारण बोर्ड.

काकांनी घसा साफ केला. “मेश्राम, अमेरिकेत एका गावात नाली तुंबली म्हणतात.”

“हो, मीबी वाचलं,” साहेब म्हणाले. राजकारणात या दोघांचं पहिल्यांदा जमलं! “मच्छर इतके झाले म्हणे, का लोकाईनं नगरसेवकाले वोट नाही द्यायचं ठरवलं.”

“मग त्यानं काय केलं?”

“अजून काईच नाही केलं. कटिंग करून राहिला.”

नगरसेवकांनी आरशात सगळ्यांकडे पाहिलं. मी मान खाली घालून कैची चालवत राहिलो. दोन दिवसांनी नाली साफ! काकांनी दुकानात पाय ठेवताच जाहीर केलं, “काई म्हणा, अमेरिकेची सिस्टीम चांगली आहे.”

*

काकांचं भाषण नेहमी छोटं असतं. याचं श्रेय माझ्या वस्तऱ्याला. गाल करेपर्यंत काका बोलू शकतात. वस्तरा गळ्यावर आला की गप्प बसावंच लागतं. त्यामुळे साऱ्या जगाचा निकाल दोन गालांत लागतो. साहेब आपलं उत्तर बरोबर गळ्यासाठी राखून ठेवतात!

खरं सांगायचं तर काकांचं बरंचसं मला पटतं. रात्री फाटक लावावं, आपल्या हाताचं खावं, सरकारच्या भरवशावर बसू नये, जुनं मोडायच्या आधी एकदा विचार करावा. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. माझी मान तेवढी साहेबांपेक्षा काकांसाठी जरा जास्त हलते.

एकदा विषय निघाला, अमेरिका बाहेरून बेकायदेशीर आलेल्यांना डिपोर्ट करते, म्हणजे विमानात बसवून परत पाठवते, त्याचा. काका म्हणाले, “बरोबर आहे त्याचं! माह्या घरी पाहुणा दारातून आला तं पुरणपोळी. कंपाउंडवरून उडी मारून आला तं काठी. रांगेत या, कायदेशीर या, टाइम लागला तं लागू द्या!”

साहेबांनी बाकाकडे बोट दाखवलं. तिथे चार माणसं नंबर लावून बसली होती. काका नेहमीप्रमाणे येऊन सरळ खुर्चीवर बसले होते. घरमालकाला कोण अडवणार?

“वामन, तू कोणत्या रांगेतून आला?”

काका जागचे हलले नाहीत. “मी इथचा नागरिक आहो. हे सारे व्हिसावाले!”

*

मग अमेरिकेने भारताच्या मालावर मोठा टॅरिफ लावला. काका खूश. “याले म्हणतात घरधनी! आपल्या कास्तकाराले, आपल्या कारखान्याले आधी पाहते. आपला माल विकायचा तं त्याच्या फाटकावर टोल द्या.”

साहेब संत्र्याचा सीझन येईपर्यंत थांबले. आमच्याकडचा संत्रा बांगलादेशला जातो, आणि तिकडे त्याच्यावर भारी ड्युटी आहे. काका एक दिवस रागाने लाल होऊन आले.

“हे काय लावलं ह्या लोकाईनं? संत्र्यावर इतकी ड्युटी? लोकाईनं खावं का नाही?”

साहेब म्हणाले, “घरधनी आहे ना तो. फाटकावरचा टोल आहे.”

दुकानात हशा. मला वाटलं, काका आज अडकले. पण काकांनी फेसातून तोंड वर केलं.

“तेच तं सांगून राहिलो! अमेरिकावाला आपल्या माणसाले पाहते. बांगलादेशवाला आपल्या माणसाले पाहते. मले कोण पाहते ते सांग!”

गळा आला तेव्हा साहेबांनी पेपरचं पान उलटलं. त्या दिवशी माझी मान जरा जोरातच हलली असावी, कारण साहेब म्हणाले, “तू दाढी कर बे!”

*

अमेरिकेचं सरकार काही दिवस बंद पडलं होतं तेव्हाची गोष्ट. बजेटवरून त्यांच्यात जमलं नाही म्हणे. काकांना तर सणच! “पाहा! सरकार बंद, देश चालू! म्हणजे सरकारची गरज किती, ते समजलं सगळ्याईले.”

एवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला, ट्रिमर थांबला. खुर्चीवर रामाकोना गावचा एक नवरदेव होता, त्याच दिवशी त्याला हळद लागायची होती. त्याचं अर्धं डोकं बारीक, अर्धं जंगल.

काका ओरडले, “अरे लाईनमनले फोन लाव कोणी!”

साहेब शांतपणे पेपरने वारा घेत म्हणाले, “कायले? सरकार बंद, देश चालू.”

नवरदेव रडकुंडीला आला. काका उठले, खणातून माझ्या आजोबांची जुनी हातमशीन काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली. “घे. हिले ना सरकार लागते ना लाईन.”

हातमशीनने मी उरलेलं अर्धं डोकं केलं. जरा वर-खाली झालं. लग्नात नवरदेवाने फेटा काढला नाही असं ऐकलं.

*

जगात कुठे ना कुठे लढाई चालूच असते, आणि अमेरिकेचा अध्यक्ष सांगतो की ती मीच थांबवली. याच्यावर साहेब चिडायचे. काका म्हणायचे, “थांबली ना? मग कोणी थांबवली याच्याशी काय करायचं आहे?”

आमच्याकडेही एक लढाई होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड आणि झेंडा रोवतात. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मधे दगड. गोटमार म्हणतात तिला. कोणी कितीही सांगो, बंद होत नाही.

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सावरगावचा एक माणूस माझ्याकडे आला. डोक्याला टाके. म्हणाला, “भाऊ, टाके सोडून बाकी कटिंग कर.”

साहेबांनी विचारलं, “कोणाचा गोटा लागला?”

“साळ्याचा.”

“पक्कं माहीत आहे?”

“आता तोच तं गाडीवर घेऊन आला! बाहेर उभा आहे.”

बाहेर त्याचा साळा, म्हणजे बायकोचा पांढुर्ण्याचा भाऊ, गाडीवर बसून शेंगदाणे खात होता. त्याने आतल्या भाऊजीला हात केला. भाऊजीने कापडाखालून हात काढून उत्तर दिलं.

काका म्हणाले, “हे अमेरिकेले नाही समजत. ते अनोळखी लोकाईशी लढतात, म्हणून थांबवाले माणूस लागते.”

साहेबांनी पेपर बाजूला ठेवला आणि काकांना स्वतःच्या खिशातली सुपारी दिली. अशी वेळ क्वचितच येते.

*

आता शेवटचा.

त्या दिवशी पेपरात अमेरिकेच्या म्हाताऱ्या नेत्यांबद्दल काही आलं होतं. साहेब वाचता वाचता सहज म्हणाले, “वय झालं का माणसानं घरी बसलं पाहिजे. कोणाच्यातरी हाती द्यावं आणि नातवंडं खेळवावी.”

काकांचा उजवा गाल झाला होता. डाव्यावर फेस. त्या आठवड्यातच काकांच्या मुलांनी त्यांच्याकडून स्कूटरची चावी काढून घेतली होती. साऱ्या रस्त्याला माहीत होतं. साहेबांनाही.

“मले म्हणून राहिला का?” काका म्हणाले.

“अमेरिकेच्या अध्यक्षाले म्हणून राहिलो.”

“नाही, मलेच म्हणून राहिला!”

“बरं, तुले म्हणून राहिलो! परवा गायीले ठोकत होता तू!”

“गाय राँग साइडनं आली होती!”

मी वस्तरा लांब धरला. काका उठून उभे राहिले, साहेबही उभे राहिले. काकांनी हात झटकला, तो पाण्याच्या स्प्रे बाटलीला लागला आणि बाटली सरळ आरशावर!

कडकन आवाज आला. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा. तड्याच्या एका बाजूला गुळगुळीत काका, दुसऱ्या बाजूला फेसवाले काका.

मला आई दिसायला लागली. हे दुकान दिसायला लागलं, रिकामं.

काकांनी आरशात दोन्ही काकांना पाहिलं. मग माझ्याकडे वळले. “नियम कोणी केला होता?”

मी कसाबसा म्हणालो, “तुम्ही.”

“काय केला होता?”

“भांडण झालं तर दुकान खाली.”

“करणारा कोणीबी असो, असंच म्हटलं होतं ना?”

मी मान हलवली. काका मग म्हणाले, “दुकान तुह्यं. तू काई नाही केलं. ज्यानं गुन्हा केला, त्याले डिपोर्ट करा लागते.”

त्यांनी गळ्यातलं कापड स्वतःच सोडलं, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं, चपला घातल्या आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एका गालावर फेस तसाच. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. एकाने विचारलं, “काका, काय झालं?” काका म्हणाले, “अमेरिकेचा प्रॉब्लेम आहे.”

ऊन चढलं. फेस सुकून पांढरा पापड झाला. साहेबांनी चार वेळा पेपर उलटा-सुलटा केला, मग दारात गेले.

“वामन, ये आत. नाटक नको करू.”

“डिपोर्ट झालेला माणूस असा येत नसते.”

“मग कसा येते?”

काका उंबऱ्यावर येऊन थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी स्वतःहून बोललो. म्हणालो, “काका, रांगेत या.”

साहेबांचा चष्मा नाकावर घसरला.

काकांनी चपला काढल्या, आत आले आणि खुर्चीकडे न जाता बाकाच्या टोकाला बसले. शेजारच्या पोराला विचारलं, “शेवटला नंबर तुहा का?”

पोरगा घाबरून म्हणाला, “हो काका. पण... मले कटिंग आहे, दाढी आहे, आन् डाय बी आहे.”

काकांनी सुकलेल्या गालावरून बोट फिरवलं, मांडी घातली आणि साहेबांच्या हातातला पेपर ओढून घेतला.

“होऊ दे,” ते म्हणाले. “कायदेशीर कामाले टाइम लागतेच.”