क्लिपवाला टाय

घर सोडलं त्या दुपारी माझ्या गळ्यात टाय होता आणि घामाने त्याचा निळा रंग शर्टात उतरत होता. मे महिना. वसईतल्या पाचूबंदरच्या आमच्या गल्लीत बांबूंवर बोंबील सुकत होते आणि त्यांच्या रांगेपुढून मी सूट चढवून गाडीकडे चाललो होतो. समोरच्या ओट्यावरून इनास काकांनी पापांना हाक मारलीच, "अरे बस्त्याव, पोराला पन सुकत घातलास काय?"

सगळी गल्ली हसली. पापा हसले नाहीत. टाय ही त्यांची जिद्द होती.

पापांचा जन्म होडीवर गेला. डझनभर गाठी त्यांना डोळे मिटून यायच्या, पण टायची गाठ काही त्यांना आली नाही. ती चर्चच्या कॉयरच्या मास्तरांनी बांधून दिली होती. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, जिथे जिथे पापांना कोणी 'ए' म्हणून हाक मारली, तिथे हाक मारणाऱ्याच्या गळ्यात टाय होता. त्यावरून त्यांनी जगाचा नियम काढला होता. "टायवाल्याला कोन 'ए' नाय बोलत," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. विमानतळाच्या दारातही तेच ऐकलं. आई रडत होती, बहीण सिल्वी फोटो काढत होती आणि पापा माझी गाठ सरळ करत होते.

ती गाठ विमानात जेवणापर्यंत टिकली. टायचं टोक डाळीत बुडालं. धुवायला म्हणून सोडला, तर परत बांधता येईना. शेवटी मी तो हाताला गुंडाळला आणि तसाच कॅनडात उतरलो. पासपोर्ट बघणाऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, हाताला लागलंय का? मी हो म्हणालो. त्या देशातलं माझं पहिलं वाक्यच खोटं निघालं. पुढच्याची तयारी म्हणा.

आता पाचूबंदरच्या माझ्या लोकांनो, आणि आपल्या गल्ल्यांतून उठून जगभर पांगलेल्या सगळ्यांनो, एक गोष्ट सांगून टाकतो. आईला विचारूनच लिहितोय. मी कॅनडात मॅनेजर नाही, कधीच नव्हतो. ब्रॅम्प्टनच्या एका मॉलमध्ये मी वॉचमन आहे. इंग्रजीत त्याला बरंच भारदस्त नाव आहे, पण काम वॉचमनचंच.

गंमत म्हणजे टाय मी खरंच रोज घालतो. कॉलेजचा कोर्स संपला, हिशेबनिसाची नोकरी मिळेना, तेव्हा थोडे दिवस म्हणून हे काम धरलं. पहिल्या दिवशी सुपरवायझरने युनिफॉर्मबरोबर काळा टाय दिला. गाठ आधीच शिवलेली, मागे क्लिप. कॉलरला अडकवायचा, झालं. मी विचारलं, असा का? तो म्हणाला, "कोणी गळा धरला तर त्याच्या हातात टाय येईल, तू नाही."

त्याच दिवशी रात्रपाळीआधी मी फोटो काढला. खांद्यावरचा बिल्ला फोटोतून कापून, फक्त चेहरा, कॉलर आणि टाय. खाली लिहिलं, बिल्डिंग मॅनेजमेंटमध्ये लागलो. पापांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि येशूच्या तसबिरीखाली लावला. त्याची एक छोटी प्रत पाकिटात घालून ते मासळीच्या लिलावाला नेत. आई फोनवर म्हणायची, "अरे, पापलेटाचा भाव विचारला तरी आदी तुझा फोटो दाखवतात."

इकडे मॉलच्या वरच्या मजल्यांवर ऑफिसं आहेत. पहिले काही महिने मी दारात उभा राहून साहेब ओळखायचा प्रयत्न करत होतो. एका सकाळी टोपीवाली जर्सी आणि फाटकी जीन्स घातलेल्या एका गृहस्थाला अडवून मी ओळखपत्र मागितलं. तो अख्ख्या इमारतीचा मालक निघाला. बिचारा हसला. त्यानेच मला 'सर' म्हटलं, माझ्या टायकडे बघून. तेव्हा कळलं, पापांचा नियम उलटा झालाय. मोठ्या माणसांनी टाय केव्हाच काढून टाकला आणि तो खाली घरंगळत आमच्या गळ्यात येऊन पडला. आता टाय घालतो मी, हॉटेलचा दारवान आणि शवपेटीच्या गाडीचा ड्रायव्हर. वसईतही वेगळं काय आहे? कॉम्प्युटरवाली पोरं बर्मुडा घालून घरून काम करतात, आणि टाय असतो बालवाडीतल्या मुलांना, इलॅस्टिकचा, आणि टॉवरच्या गेटवरच्या भय्याला. हे सगळं मी पापांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. दर फोनला ते विचारायचे, "टाय घातलास काय?" मी हो म्हणायचो आणि ते खरं असायचं, एवढ्यावर मी सहा वर्षं काढली.

सहा वर्षांनी सिल्वीचं लग्न ठरलं आणि मी घरी आलो. लग्नाच्या सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर ओट्यावर पापांसकट सात जण बसलेले. सहा जणांच्या खांद्यावर टाय टाकलेले, एकाने आधीच घातलेला. कॉयरचे मास्तर लेकीकडे राहायला गेले होते, आणि पापांनी आठ दिवस आधीपासून गल्लीत सांगून ठेवलं होतं, आमचा पोरगा रोज बांधतो, सगळे आमच्याकडेच या.

"आला, डॉक्टर आला," इनास काका म्हणाले. "लायनीत या रे. पयला नवरीचा बाप."

पापा नव्या सूटमध्ये समोर येऊन उभे राहिले. मान वर केली, हजामतीला बसलेल्या मुलासारखे डोळे मिटले. उन्हाने काळवंडलेली, सुरकुत्यांची मान, त्यावर पावडर. मी टाय टाकला, एक टोक फिरवलं, दुसरं ओढलं. एक बाजू छातीवर थांबली, दुसरी गुडघ्याला लागली. सोडला. परत फिरवला. या वेळी गाठ आली, पण ती कानाखाली.

"कॅनडाची गाठ वेगली असंल," कोणीतरी माझी बाजू घेतली.

"हा टाय हाय का लंगोट?" इनास काका.

मी म्हणालो, थांबा, माझा घालून येतो, मग तो बघून बांधतो. आत पळालो. फोनवर व्हिडिओ लावला, तर त्यातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा, त्याचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला. डोकं चालेना. बाहेरून हाका येत होत्या. बॅगेत माझा एकच टाय होता, कामावरचा. तो कॉलरला अडकवला आणि साहेबासारखा बाहेर आलो. पापांच्या गळ्याशी वाकलो, आणि माझा टाय निसटून त्यांच्या पायाशी पडला. पालथा. क्लिप वर.

पापांनी तो उचलला. क्लिप अंगठ्याने एकदा उघडली, मिटली. मग त्यांनी हळूच मान वळवून पास्कूकडे पाहिलं. पास्कू माझा चुलतभाऊ, वालीवच्या एका कारखान्याच्या गेटवर असतो. त्याच्याकडे दुसरा टाय नव्हता म्हणून तो बिचारा ड्युटीचाच घालून आला होता. काळा. क्लिपवाला. अगदी तसाच. पास्कूने ते बघितलं आणि खाली मान घातली.

इनास काकांनी तोंड उघडलं, पण पापा त्यांच्या आधी बोलले.

"काडा रे ते टाय," ते म्हणाले. "कॅनडात आता कोन टाय घालत नाय. पोरगा कालच बोलला मना. आपुन कशाला उकडून मरायचं?"

त्यांनी स्वतःच्या गळ्यातला काढला, वरचं बटण उघडलं. माझा टाय माझ्या मुठीत ठेवला आणि माझी बोटं त्यांच्या हातांनी मिटवली. "चल, मिस्साला उशीर होतो."

आठ माणसं उघड्या कॉलरने चर्चला गेली. पास्कूनेही आपला टाय काढून खिशात घातला. सिल्वी चिडली, लग्नाच्या फोटोत सगळे कामावरून सुटल्यासारखे दिसतात म्हणाली. पापा म्हणाले, "फॅशन हाय."

मी तीन आठवडे राहिलो. पापा ओट्यावर जाळं दुरुस्त करायला बसले की मी शेजारी जाऊन बसायचो. आज सांगू, असं ठरवून. ते इंजिनाचं बोलायचे, मासळी कमी झाली त्याचं बोलायचे. चार वेळा मी तोंड उघडलं आणि चार वेळा इंजिनाबद्दलच विचारलं. परत निघालो तेव्हा त्यांनी गळ्याशी हात नेला नाही. खांद्यावर ठेवला.

त्यानंतर फोनवर त्यांनी टायचं कधीच विचारलं नाही. दुसराच प्रश्न सुरू झाला. "आज बसायला भेटला काय?" पहिल्यांदा मला वाटलं, बसमधल्या जागेचं विचारतात. मी म्हणालो, हो, गाडी रिकामीच होती.

"गाडीत नाय रे," ते म्हणाले. "कामावर."

मी मॉलच्या मागच्या दाराशी उभा होतो. आजूबाजूला खोक्यांचे ढीग, बाहेर बर्फ. सहा वर्षं जे सांगायला जमलं नाही ते सांगायची वेळ आली होती. मी एवढंच म्हणालो, "अर्धा तास, पापा. जेवताना."

मग ते म्हणाले, "मग टाचेखाली जाड कापड घाल. आणि एका पायावर भार देऊ नको, बदलत राहा. मी होडीवर तसाच करायचो." आणि फोन आईकडे दिला. येशूच्या तसबिरीखालचा माझा फोटो त्यांनी काढला नाही. पाकिटातलाही नाही, हे मला नंतर सिल्वीने सांगितलं.

पापा गेल्या वर्षी गेले. माझी कागदपत्रं अडकली होती, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. आईने फोनवर विचारलं, "सूट घातलाय. टाय घालू काय रे त्यांना? घरात कोनाला बांदता येत नाय." मी म्हणालो, नको. त्यांना उकडतं. दफन मी फोनवर पाहिलं, कामावर जायच्या आधी, सकाळी, युनिफॉर्ममध्ये. शवपेटीला खांदा द्यायला माझ्या जागी पास्कू होता. ड्युटीवरून तसाच आला होता.

घरून आता रोज फोन येतो. आई विचारते, जेवलास काय, थंडी किती, अंगात जाड घातलंस ना. सिल्वी विचारते, कधी येतोस. मी सगळ्याची उत्तरं देतो आणि आता ती खरी असतात. घर तिथेच आहे. ओट्यावर इनास काका बसतात, माझी चौकशी करतात, टिंगलही करतात, आणि मला ती हवी असते.

गेल्या महिन्यात मॉलच्या आमच्या दाराशी खुर्ची आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काळी, टेकायला पाठ असलेली. सुपरवायझर म्हणाला, बस. मी बसलो. पाय मोकळे केले, खिशातून फोन काढला, आणि हे कोणाला सांगायचं ते मला कळेना. मग उठून उभा राहिलो.