भाऊजींचा डावा गुडघा

माझ्या मोठ्या दिरांइतका ठणठणीत माणूस उभ्या आयर्लंडात सापडायचा नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. या मताला उघड विरोध करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांचं शरीर. गेल्या काही वर्षांत त्यांची करंगळी मोडली, एक बरगडी तडकली, खांदा निखळून पुन्हा बसला आणि डाव्या गुडघ्याचं तर ऑपरेशनच झालं. दर वेळी "थोडंसं लचकलंय" एवढंच त्यांचं म्हणणं. बरगडी लचकत नाही, हे मी फिजिओथेरपिस्ट या नात्याने सांगून पाहिलं, तर म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसेल लचकत." आणि हे सगळं कशापायी, तर अमेरिकन फुटबॉलपायी. आमच्या चिंचवडचा हा इंजिनिअर, पंचेचाळिशीला टेकलेला, शॅननच्या औद्योगिक वसाहतीत हृदयात बसवायच्या बारीक नळ्या बनवतो. आठवडाभर टोपी-मास्क लावून फुंकर मारायलाही घाबरतो. रविवारी तोच माणूस हेल्मेट चढवून रेड्यासारखी माणसं अंगावर घेतो. यंदाच्या जानेवारीत मात्र त्यांच्या संघापुढे प्रश्न उभा राहिला, की यांना नव्या मोसमासाठी पुन्हा घ्यायचं की नाही, आणि फिरून फिरून त्याचं उत्तर देण्याचं काम माझ्याच गळ्यात येऊन पडलं.

या खेळात ते शिरले तेच मुळी गाडी ढकलता ढकलता. वहिनींची, म्हणजे माझ्या जाऊबाईंची, गाडी एकदा चढावर बंद पडली. दुसरा माणूस फोन करून मदत मागवेल. भाऊजींनी वहिनींना स्टिअरिंगवर बसवलं आणि एकट्याने गाडी वर ढकलायला घेतली. मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर टोनी हा इथल्या हौशी संघाचा प्रशिक्षक. त्याने प्रवाशांसकट बस बाजूला घेतली, खाली उतरला, आणि हात लावायचं सोडून भाऊजींचे पाय न्याहाळत उभा राहिला. गाडी वर पोचल्यावर म्हणाला, "हेच रविवारी करशील का?" भाऊजींना वाटलं, याचीही गाडी बंद पडली असेल. रविवारी ते मैदानावर वेळेवर हजर झाले आणि गाडी कुठे आहे म्हणून विचारू लागले.

त्यांची जागा लाइनमनची. आघाडीवर वाकून उभं राहायचं, आणि चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे फेकणाऱ्याकडे गेला की त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अंगाने थोपवायचं. चेंडूला हात लावायचा नाही, गुण मिळवायचे नाहीत, आणि काम चोख झालं तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. घरातल्या थोरल्या मुलाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊजी उभे राहतात डाव्या टोकाला, कारण क्वार्टरबॅक डेकलन उजव्या हाताने फेकतो आणि फेकताना त्याची पाठ तिकडे होते. मागून काय येतंय ते त्याला दिसतच नाही. हा डेकलन इलेक्ट्रिशियन आहे, आठवडाभर शिड्यांवर चढलेला असतो. पहिल्याच सामन्यात भाऊजींनी कॉलनीतल्या कबड्डीच्या सवयीने शेजारच्या गड्याचा हात धरून साखळी केली. पंचाने दंड केला. दोघांनी हात धरला तर बिघडलं कुठे, उलट फट राहत नाही, असं भाऊजी पंचाला बराच वेळ समजावत होते. पुढे हात धरणं सुटलं, पण डेकलनची पाठ जमिनीला लागलेली मी क्वचितच पाहिली. मी भाऊजी म्हणते म्हणून सगळा संघ त्यांना भाऊजीच म्हणतो. लाल दाढ्यांचे धिप्पाड गडी "कम ऑन, भाऊजी" म्हणून ओरडतात, तेव्हा आपल्याला एकदम इतक्या जावा कुठून मिळाल्या, असं मला वाटतं.

संघाची बिनपगारी फिजिओ मीच. तेव्हा सामन्याआधी भाऊजींचा घोटा आणि गुडघा चिकटपट्टीने बांधायचं कामही माझंच, आणि तिथे एक पंचाईत झाली. धाकटी भावजय वाकून पायाला हात लावतेय म्हटल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप "अखंड सौभाग्यवती भव" बाहेर पडलं. पहिल्यांदा दोघांनाही हसू आलं. मग ती सवयच झाली. डोक्यात डावपेच चाललेले असोत, टोनी कानाशी ओरडत असो, माझी बोटं घोट्याला लागली की आशीर्वाद आलाच. हाफटाइमला पट्टी बदलावी लागली तर पुन्हा. माझ्या नवऱ्याला साधी सर्दीही होत नाही, याचं श्रेय आमच्या घरात या पट्टीला दिलं जातं. बाकीच्या गड्यांची मात्र समजूत अशी, की हा पट्टी पक्की बसण्याचा भारतीय मंत्र आहे.

गुडघा मात्र मंत्राला जुमानेना. गेल्या मोसमाच्या अखेरीला तो सुजून पपईएवढा झाला, आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने पुन्हा दुखावलात तर माझ्याकडे येऊ नका, असं सांगितलं. भाऊजींनी त्याचा अर्थ दुसऱ्या सर्जनकडे जा, असा घेतला. त्यांच्या घरी फ्रीझरमधले मटार खाण्यासाठी नसतातच. ती पिशवी संध्याकाळी गुडघ्यावर आणि सकाळी पुन्हा फ्रीझरमध्ये. मटारची उसळ झाली की समजायचं, भाऊजी बरे आहेत. डिसेंबरात वहिनी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "तू टोनीला सांग ना, की यांना नाही जमणार आता. मी बोलले की ती बायकोची कटकट. तू बोललीस की एक्सपर्ट ओपिनियन."

"वहिनी, गुडघा धड असेल तर मी नाही कसं सांगू?"

"आणि धड नसेल तर?" त्यांनी हातातला कप प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटात, ठेवला आणि दार जरा जोरातच लावलं. "दिवसभर उभं राहून काम आहे त्यांचं. अजून एकदा गेला तर पुढे काय करायचं आम्ही?"

तेवढ्यात भाऊजी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले. आवाज आमच्यापर्यंत यावा, अशा बेताने गेले. माझी पुतणी सई टेबलाशी गृहपाठ करत होती. वर न बघता, ठणठणीतला ग्रँड म्हणणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "डॅड इज ग्रँड, काकू. ही ओन्ली डझ दॅट व्हेन यू आर हिअर."

संघातही दोन तट पडले होते. भाऊजी एका पायावर उभे राहिले तरी बाकीच्यांच्या दोन पायांना भारी, असं अर्ध्यांचं म्हणणं. उरलेल्यांना कॉनर हवा होता. कॉनर म्हणजे क्लेअर परगण्यातल्या गोठ्यात वाढलेला, पंचविशीचा, दारातून आडवा जाणारा गडी. ताकद अफाट, पण पाय कुठे टाकायचा याचा पत्ता नाही. टोनीने वाद माझ्यावर सोडला. "तू ग्रँड म्हणालीस तर भाऊजी ग्रँड," तो म्हणाला. "पण नात्याखातर बोलू नकोस. डेकलनच्या पाठीचा प्रश्न आहे."

रविवारी चाचणी ठरली, आणि शनिवारी भाऊजींनी आम्हाला जेवायला बोलावलं. ताटात मटारची उसळ. "घे, घे, भरपूर आहे," म्हणत त्यांनी स्वतः वाढली, आणि मी संपवायच्या आत आणखी वाढली. पुरावा म्हणून केलेली उसळ मी तोवर खाल्ली नव्हती. वहिनी खाली मान घालून जेवत होत्या. नंतर सईला आइस्क्रीम काढून द्यायला मी फ्रीझर उघडला, तर पुढ्यातच मक्याच्या दाण्यांची पिशवी. ती मधोमध वाकून गोठली होती, आणि तो बाक कशाचा, हे ओळखायला मला पदवीची गरज नव्हती. मका काय, कुणीही आणतं, अशी मी परतताना गाडीत स्वतःची समजूत घालत होते. ती काही पटली नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. सराव नसूनही सगळा संघ आला होता. भाऊजींनी मी सांगितलं ते सगळं केलं. एका पायावर उभे राहिले, वाकले, टोनीला वर उभं करून सरावाची लोखंडी घसरगाडी मैदानभर ढकलली. मग कॉनरला त्यांच्यावर सोडलं. तो पुन्हा पुन्हा धावून आला आणि भिंतीला धडकल्यासारखा पुन्हा पुन्हा थांबला. गडी टाळ्या वाजवायला लागले. डेकलनच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मलाही हो म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं. मका गेला खड्ड्यात, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

"बसा भाऊजी," मी म्हटलं. "एकदा हात लावून बघते आणि झालं."

ते बाकावर बसले. टोनी त्यांना काहीतरी विनोद सांगत होता. मी वाकले आणि घोट्याला हात लावला. वरून काहीच आलं नाही. मी थोडी थांबले. बोटं गुडघ्यापर्यंत नेली, आतल्या बाजूने सांधा दाबला. तरी काही नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मान वर करून पाहिलं, तर भाऊजी टोनीकडे बघून हसत होते, पण ओठ घट्ट मिटून. जबड्याची शीर तटतटली होती. आशीर्वाद द्यायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं असतं तर त्यातून दुसरंच काही बाहेर पडलं असतं.

"वेल?" टोनी म्हणाला.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "मीनल," एवढंच म्हणाले. त्यांनी मला आजवर कधी काही मागितलं नव्हतं, आणि त्या एका हाकेत त्यांनी सगळं मागितलं. मी गुडघ्यावरचा हात काढला.

"नाही, टोनी," मी म्हणाले. "हा गुडघा आज टिकला. सामन्यात शेवटी शेवटी टिकणार नाही. आणि तो जाईल तेव्हा जो आत घुसेल, तो थेट डेकलनवर जाईल."

डेकलन जमिनीकडे बघत राहिला. भाऊजींनी हेल्मेट उचललं, "गाडीची किल्ली कुणी पाहिली का?" असं उगाच कुणालातरी विचारलं आणि पार्किंगकडे निघाले. ते लंगडत होते. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर भाऊजी माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण वगैरे नाही. घरी गेलं की "ये" म्हणायचे आणि वर जायचे, एकेक पायरी, कठड्याला धरून. वहिनींनी आभाराचा मेसेज पाठवला, तो वाचून मला अजिबात बरं वाटलं नाही. पाडव्याला मी श्रीखंड घेऊन गेले तेव्हा नमस्कार करायच्या आतच ते गुढीची काठी घट्ट आहे की नाही ते बघायला बागेत गेले. माझं चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता.

एप्रिलमध्ये पहिला सामना आला. मी बाकावर बसलेल्या कॉनरपुढे वाकून त्याच्या घोट्याला पट्टी लावायला घेतली, तर वरून, शाळेत कविता म्हणतात तशा सुरात, थेट क्लेअरच्या उच्चारात आवाज आला, "अखंड सौभाग्यवती भव."

मी थबकले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"भाऊजींनी," कॉनर म्हणाला. "दर गुरुवारी माझा सराव घेतात ना. पाय कसा टाकायचा, ते आणि हे. याच्याशिवाय पट्टी बसत नाही म्हणाले."

भाऊजी माझ्या मागेच उभे होते, अंगात जाडा कोट, नजर मैदानाकडे. "पाठांतर कच्चं आहे अजून त्याचं," ते म्हणाले. "पाय मात्र नीट टाकतो." जानेवारीनंतर एवढं मोठं वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

सामना सुरू झाला. मी खेळ कमी आणि भाऊजींनाच जास्त पाहत होते. दर वेळी चेंडू मागे गेला की मैदानाच्या कडेला त्यांचे हात कोटाच्या खिशातून निघून छातीशी यायचे आणि डावा पाय अर्धं पाऊल मागे सरकायचा. डेकलनने चेंडू फेकला की हात पुन्हा खिशात. एकदा कॉनर चुकला, डेकलन दणकन आपटला, आणि भाऊजींचा खांदा असा पुढे आला की त्यांचा तोल गेला आणि शेजारच्या माणसाने त्यांना धरलं. डेकलन उठून उभा राहीपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

हाफटाइमला मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हातात पट्टी नव्हती, बांधण्यासारखं काही नव्हतं. वाकले आणि पायांना हात लावला. पायांत खेळाचेच बूट होते, सवयीने घातलेले, चिखल न लागलेले. काही ऐकू आलं नाही. मी तशीच वाकून राहिले. टोनीने गड्यांना हाक मारली, ते माझ्या बाजूने धावत गेले, तरी मी हात काढला नाही. मग वरून आशीर्वाद आला. शब्द नेहमीचेच होते. फक्त या वेळी ते आपोआप आले नव्हते.