भाटकाराचा उपास

"हात काढ रे अंतोना. माशांची घाण येता."

भर इगर्जीत, सगळ्या गावादेखत, भाटकार, म्हणजे आमच्या वाड्याचा जमीनमालक, माझ्या बापाला हे बोलला. पवित्र शुक्रवार होता. मेलेल्या येशूची तिरडी मिरवणुकीला उचलायची वेळ. बापाने दांड्याला हात घातला, एवढाच गुन्हा.

खांदा द्यायचा मान लाल झगेवाल्यांचा, आणि झगा फक्त भाटकारांच्या घराण्यांत. आम्ही जाळी ओढणारे. आम्ही मेणबत्ती धरून मागून चालायचं. त्या वर्षी एक झगेवाला तापाने पडला, दांड्याची जागा रिकामी राहिली. बापाचा नवस होता, मरायच्या आधी एकदा देवाला खांदा द्यायचा. सबंध कोरेस्मात, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, पेजेवर राहिला. सकाळी चिंच आणि राख लावून हात घासले, बोटं सोलपटली.

हात काढला त्याने. वर मलाच म्हणतो, "गप रव. देवाचो दीस आसा."

देवाचा दीस! थू! कोरेस्मात दर शुक्रवारी भाटकार उपास धरायचा. म्हणजे काय? तर मटण बंद, आणि आमच्या होडीतली सगळ्यात मोठी सुरमई त्याच्या मागच्या दारी फुकट. नारळाच्या रसात शिजवून ढेकर येईपर्यंत हादडायचा आणि पोटावर क्रूस करायचा. तेव्हा नाही घाण आली मेल्याला! येशूचा पट्टशिष्य सां पेद्रू कोण होता? मासेच मारायचा ना? येशूने त्याचे हात हुंगले होते काय?

पुढच्या कोरेस्मात पहिल्याच शुक्रवारी भाटकाराचा गडी टोपली घेऊन दारात उभा.

"सुरमय मागल्यान हा. उपास आसा."

बाप उठलाच होता द्यायला. मी आडवा आलो.

"उपास आसा तर पेज खा म्हणान सांग त्येका."

भाटकाराने आम्हाला त्याची विहीर बंद केली. आई लांबून पाणी आणायची, मला शिव्या घालायची. पण मासा गेला नाही.

काही वर्षांनी बाप वारला. पाद्रीने लाल झगेवाले पाठवले, पुढे तोच भाटकार. मेलेल्यावर उपकार करायला आला होता. पेटीला हात लावला त्याने.

"हात काढ रे भाटकारा," मी म्हटलं.

जाळी ओढणाऱ्यांनीच बापाला नेला. माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय, माझ्या पेटीलाही माशांचा वास असलेलेच हात लागायला हवेत. झगेवाला आला तर त्याला दारातूनच हाकला.